‘तिथे सगळ्या प्रकारची मुलं येतात’

“मॅडम, पाळणाघर चांगलं आहे, ताई प्रेमळ आहेत, सगळं खरं. पण तिथे सगळ्या प्रकारची मुलं येतात. आमची बिघडेल का हो?”

पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात, आणि हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. कुणी ‘प्रकारची’ म्हणताना आवाज खाली आणतं, कुणी सरळ ‘वस्तीतली’ म्हणतं. इथे सांगते आहे ती हकिकत पुण्यातल्या कोथरूडमधल्या दोन आयांची. दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला चिमू म्हणू, मुलाला बाळू.

चिमू तेव्हा चार वर्षांची होती. आई हिंजवडीत नोकरीला, बाबा महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. आजी सांगलीहून येऊन राहायची, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. कंपनीचं पाळणाघर होतं, पण त्यासाठी मुलीला रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत बसवावं लागलं असतं. मग महिना चौदा हजारांचं एक डे-केअर झालं. आठ महिन्यांत तिथल्या तीन ताई बदलल्या आणि चिमू रात्री दचकून उठायला लागली. शेवटी घरापासून सात मिनिटांवरचं हे पाळणाघर सापडलं.

परिसरातल्या बायकांनी ट्रस्ट करून एका सोसायटीच्या हॉलमध्ये ते चालवलं आहे. दिवसा सहा वर्षांपर्यंतची मुलं, संध्याकाळी मोठ्यांसाठी अभ्यासिका आणि खेळ, शनिवारी आठवी-नववीच्या मुलामुलींचा गट. फी घरच्या उत्पन्नाप्रमाणे: ८००, २,५०० किंवा ५,५०० रुपये. समोर मोठ्या इमारती, मागे टेकडीच्या अंगाला वस्ती, मध्ये हा हॉल. कोथरूड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र लगेच दिसेल.

चिमूच्या आईने मोबाईलवर यादीच करून आणली होती. ‘आयला’ म्हणते. ‘नाही’चं ‘न्हाई’ झालंय, ‘होतं’चं ‘व्हतं’. घरून डबा नेत नाही, सगळ्यांबरोबर ताटात वाढलेलंच हवं असतं.

मी तिला म्हटलं, मुलं दोन-दोन भाषा सहज सांभाळतात, काळजी करू नका. तिने मान हलवली आणि गेली. तीन आठवडे आलीच नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, पण घाईचं होतं. तिचं पुरतं ऐकायच्या आधी मी तिची समजूत घालायला निघाले होते. ही चूक माझ्या कामात फार महाग पडते.

दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही तीच यादी समोर ठेवून तिचे दोन भाग केले. ‘न्हाई’, ‘व्हतं’ हे कुणाच्या तरी घरचं मराठी आहे. कुणाची आजी त्याच बोलीत अंगाई म्हणते. ते चारचौघांत सुधारायला गेलं, तर चिमूला एवढंच कळेल की तिच्या मित्राची आई चुकीचं बोलते. घरात आपण जसं बोलतो तसं बोलत राहावं, पुरेसं आहे. दुसऱ्या भागात मात्र शिव्या. अशा दोनच होत्या. चार वर्षांच्या मुलाला शिवीचा अर्थ कळत नाही, पण ती ऐकून मोठ्यांचा चेहरा बदलतो हे बरोबर कळतं. म्हणून हसू नका आणि दचकूही नका. “हा शब्द आपण वापरत नाही. राग आला तर ‘मला राग आला’ म्हण.” एवढंच, दर वेळी, त्याच आवाजात. हे करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांनी करावं लागतं.

मग मी विचारलं, “यादीत लिहावंसं वाटलं नाही असं काही आहे का?”

ती बराच वेळ पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. बाळूची आई त्यांच्याकडे पोळ्या करायला येते. एका रविवारी पाळणाघर बंद म्हणून तिने बाळूला बरोबर आणलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी, फरशीवर बसला. चिमूने विचारलं, “आई, बाळू आपल्याकडे आला की खाली का बसतो? तिथे तर माझ्या शेजारी बसतो.”

“मला काही बोलताच आलं नाही, मॅडम. मी तिला टीव्ही लावून दिला.” आणि ती रडायला लागली.

ही बाई वाईट नव्हती. पोळ्यांच्या मावशींना ती दिवाळीला साडी द्यायची, दवाखान्याला पैसे द्यायची. पण त्यांच्या मुलाला खुर्ची का देत नाही हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते थेट मुलीने. चिमूला पाळणाघरातून काढलं असतं तर हा प्रश्न पुन्हा आला नसता. ‘आयला’ हे कारण त्यासाठी हाताशी होतं.

मी तिला दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या. घरी बाळूला कुठे बसवायचं हे तुम्ही ठरवा, त्यासाठी माझी गरज नाही. पाळणाघर ठेवायचं की सोडायचं हे मात्र पाळणाघर बघून ठरवा. एक दिवस रजा घ्या, सकाळी दहा ते एक तिथे बसा. लहानग्यांच्या वाट्याला किती ताई येतात ते मोजा. रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं आणि किती वेळाने, ते बघा. मोरीत पाणी आहे का, दाराला कडी कुठे आहे, मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करतात, दुपारी मुलं झोपली की ताई कुठे असतात, हे विचारा. आणि तिथेच जेवा.

ती गेली, जेवली. वरण-भात आणि मटकीची उसळ होती. तिने मला सांगितलं त्यातल्या दोनच गोष्टी लिहिते. धाकट्या गटाच्या ताई तीन वर्षं त्याच आहेत. आणि निघताना चिमूची चप्पल सापडत नव्हती, ती बाळूने न सांगता आणून दिली.

दुसऱ्या आईची भेट याच काळात झाली. मी तिथल्या पालकसभेला दोन महिन्यांतून एकदा जाते. सभा संपून सगळे पांगले तरी ती सतरंजीची घडी करत मागे रेंगाळली. बाळूला कुणीतरी दंडाला चावलं होतं, चांगला वळ उठला होता, आणि तिने ताईंना काही विचारलंच नव्हतं.

“ताई, आम्ही कमी पैसे भरतो. मग कोणत्या तोंडानं बोलायचं?”

हे ऐकून मला चिमूच्या आईच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजी वाटली. ‘मुलं बिघडतील’ म्हणणारे पालक बोलून तरी दाखवतात. ‘कमी भरतो’ म्हणणारे गप्प बसतात, आणि मुलाचं दुखणं अंगावर काढतात. पुढे तिनेच सांगितलं की पावतीपुस्तकं तीन रंगांची आहेत. बाळूला ठाऊक होतं, ‘आपली पिवळी’. त्या वयाला आकडे कळत नाहीत, रंग कळतात. ट्रस्टच्या बायकांच्या हे लक्षातच आलं नव्हतं; हिशोबाच्या सोयीसाठी त्यांनी तसं केलं होतं. पुढच्याच महिन्यापासून पावती एका रंगाची झाली, आणि कोण किती भरतं हे आता ट्रस्टमधल्या दोघींनाच माहीत असतं. मुलांना सांभाळणाऱ्या ताईंनाही ते माहीत नसतं. हा नियम मी आता प्रत्येक ठिकाणी आग्रहाने सांगते.

बाळूच्या आईचं आधीचं वेळापत्रक ऐका. पाच घरच्या पोळ्या. बाळू सकाळी अंगणवाडीत. ही सोय १९७५ पासूनची आणि मोलाची आहे, पण दुपारपर्यंतच. त्यानंतर त्याला आणायचं काम मोठ्या बहिणीचं. ती अकरा वर्षांची, सहावीत, आणि मधल्या सुट्टीनंतर आठवड्यातून तीन-चार दिवस शाळेत नसायची. २०१७ साली कायदा बदलला आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण पाच घरी पोळ्या करणाऱ्या बाईची कंपनी कोणती? तिच्या वाट्याचं पाळणाघर ती अकरा वर्षांची मुलगीच होती.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी दिसलं होतं. १९४५ साली बोर्डीत काम सुरू केल्यावर मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली, कारण धाकटं भावंड कडेवर असलेली मुलगी एकटी शाळेत येऊच शकत नाही. आपल्या हॉलमध्ये वेगळं काय चाललं आहे? बाळू आत आला म्हणून त्याची बहीण सुटली. आता ती संध्याकाळी तिथल्याच अभ्यासिकेत बसते.

‘कमी भरतो’ या ओझ्यावर मी तिच्यापुढे हिशोब मांडला, आणि नंतर चिमूच्या आईपुढेही तोच. तेव्हा पाळणाघरात तीस मुलं होती. बारा जण ८००, दहा जण २,५०० आणि आठ जण ५,५०० रुपये भरणारे. महिन्याला ७८,६०० जमतात. चार ताईंचे पगार प्रत्येकी बारा हजार, म्हणजे ४८,०००. बाकीच्यात जेवण, गॅस, वीज, औषधं. हॉलचं भाडं नाही म्हणून कसंबसं भागतं. वरचे आठ जण निघून गेले तर ४४,००० गेले आणि दार बंद. पण ते आठच जण राहिले, तरी त्या ४४,००० मध्ये चार ताईंचा पगारही निघत नाही. म्हणजे चिमूला ५,५०० मध्ये जी तीन वर्षं टिकलेली ताई मिळते, ती बाळू आणि इतर मुलं आहेत म्हणून. सरकारलाही ही रीत परकी नाही. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये, आईवडिलांची मिळून १२,००० पर्यंत कमाई असेल तर १००, त्याहून जास्त असेल तर २०० रुपये असा दर ठरवलेला होता. ऐपतीप्रमाणे भरलेली फी पूर्ण फीच असते. बाळूच्या आईने दुसऱ्या दिवशी चावल्याचं विचारलं. ताईंनी वहीत लिहून ठेवलं होतं, औषधही लावलं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. त्यांनी तिची माफी मागितली.

पुढे एक वेगळंच वळण आलं. हिंजवडीच्या रहदारीत चिमूच्या आईला उशीर व्हायला लागला, की बाळूची आई दोघांना घेऊन जायची. चिमूची आई मला आनंदाने म्हणाली, “आता आमची मैत्रीच झालीय.” मी विचारलं, याचे पैसे ठरलेत का? तिला माझा प्रश्न लागला. पण ज्या बाईचा पगार आपण देतो, तिला ‘मैत्रीत’ नाही म्हणणं जड जातं. तिचा तो तास फुकट जाऊ नये. दोघींनी बसून ठरवलं: उशिराच्या दिवसाचे वेगळे पैसे, आणि शनिवारी सकाळी चिमूची आई दोन्ही मुलांना आणि बहिणीला टेकडीवर नेणार, म्हणजे बाळूच्या आईला ती एक सकाळ घाई नाही. पैसे ठरल्यावर मैत्री तुटली नाही. आता बाळूची आई एखाद्या दिवशी “आज नाही जमणार, वहिनी” असं सरळ सांगते.

गेल्या जूनमध्ये दोघं पहिलीत गेली. बाळूच्या आईने आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज भरला होता, सोडतीत नंबर लागला नाही. तो महापालिकेच्या शाळेत आहे, चिमू इंग्रजी माध्यमात. चिमूची आई पुन्हा माझ्याकडे आली होती. या वेळी यादी नव्हती. मुलगी आठवडाभर बाळूला शोधत होती, काय करू, असं विचारायला. मी विचारलं, संध्याकाळच्या गटाला सहा वर्षांची मुलं घेतात ना?

घेतात. साडेपाचला सुरू होतो. बाळूची बहीण आता आठवीत आहे, शनिवारच्या गटात असते आणि संध्याकाळी धाकट्यांना लगोरी शिकवते. चिमूच्या घरी रविवारी बाळू येतो तेव्हा कुठे बसतो, हे मी विचारलेलं नाही. आईनेच सांगितलं, परवा दोघं डायनिंग टेबलाखाली चादर लावून घर-घर खेळत होती, आणि मावशींनी लाटलेल्या पहिल्या दोन पोळ्या तूप लावून तिथेच गेल्या.