‘सगळं ठीक आहे’ किती दिवस सांगू?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, सध्या लडाखला. मी भांडुपला सासूबाई आणि पाच वर्षांच्या लेकीसोबत राहते. त्यांचा फोन आठवड्याने येतो, तोही मध्येच कट होतो. सासूबाई न्हाणीत घसरल्या, हाताला प्लास्टर आहे. मिस्टरांना टेन्शन नको म्हणून मी सांगितलेलं नाही. चुकतंय का माझं?

उत्तर : हो गं, सांगायला हवं होतंस. पुढच्याच फोनवर सांग.

मराठा पलटणीत सातारा-कोल्हापूरकडची पोरं भरपूर. कुणीतरी गावाकडे ही बातमी ऐकून सुट्टीवरून परततो आणि लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, ताट घेऊन बसताना सहज विचारतो, ‘आईचा हात कसा आहे रे?’ तिथून पुढे तुझ्या प्रत्येक ‘ठीक आहे’वर त्यांचा जीव टांगणीला लागणार. रात्री संत्री ड्यूटीवर, म्हणजे पहाऱ्यावर, उभ्या माणसाला तो घोर फार जड जातो.

लाइन कधी तुटेल नेम नाही, म्हणून पहिलं वाक्य ‘आई बऱ्या आहेत’ हेच. मग काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. त्यांनी यायला हवं की नको, तेही स्पष्ट बोल. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल रजा असते, पण ती कधी मिळेल हे युनिटच्या कामावर ठरतं. घरची अडचण ठाऊक असेल तरच ते साहेबांकडे शब्द टाकू शकतील ना? आई त्यांच्या रेकॉर्डवर आश्रित आहेत का, हेही विचार. असतील, तर कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार होऊ शकतात.

पोस्ट कुठे, माणसं किती, हे मात्र विचारू नकोस आणि स्टेटसला काही टाकू नकोस. आज लंगरला काय होतं, मोजे वाळले का, शेजारच्या खाटेवर कोण आहे, एवढं विचारलंस तरी ते बोलते होतील.

आणि पत्र लिही, खरंच लिही. पत्त्यात नंबर, रँक, नाव, युनिट आणि 56 एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. गावाचं नाव लागत नाही. लेकीने काढलेलं चित्र त्यात घाल. फोन कट होतो, पत्र उशाशी राहतं.

तुझंही बोल त्यांच्याशी. सासूबाईंना दवाखान्यात नेणं, प्लास्टर, लेकीची शाळा, सगळं एकटीने ओढते आहेस. दमलीस तर दमले म्हण. आणि बातमी सांगून झाली की फोन लगेच सासूबाईंच्या हातात दे. आईचा आवाज कानावर पडला की निम्मी काळजी तिथेच मिटेल.