चॉकलेट डोनटवर रोजचा नाश्ता भागेल का?

ऑगस्टमध्ये एमएसला बोस्टनला येतोयस, सकाळी करायला वेळ नसणार, तर कॉफी आणि चॉकलेट डोनटवर भागेल का आणि तो व्हेज असतो का, असं विचारलंयस. आधी व्हेजचं सांगतो, आईचा फोन त्यासाठीच येणारे. अंडं असतं, जवळजवळ सगळीकडे. नकोच असेल तर व्हीगन लिहिलेला शोध. तळतात बहुतेक पाम नाहीतर सोयाबीन तेलात, पण एखाद्या जुन्या छोट्या दुकानात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असू शकते, काउंटरवर सरळ विचारायचं, कोणी राग मानत नाही.

आता नाश्ता. यीस्टवाला डोनट फुगलेला आणि हलका असतो, चॉकलेटचा बहुतेक केक डोनट, बेकिंग पावडरचा, हातात घेतला की वजन कळतं आणि वर ग्लेझ, म्हणजे साखरेचा थर, थापलेलं. एकात साधारण 300 ते 400 कॅलरी. 20 किंवा जास्त शाखा असलेल्या दुकानांना 2018 पासून बोर्डावर कॅलरी लिहाव्याच लागतात, पण साखर तिथे दिसत नाही, ती पाकिटावर 'ॲडेड शुगर्स'च्या ओळीत बघ. तिथले टक्के दिवसाला 50 ग्रॅम धरून असतात, अमेरिकन हार्ट असोसिएशन मात्र पुरुषांना 36 च सांगते, आणि 4 ग्रॅम म्हणजे एक चमचा. छोट्या डोनटचं पाकीट घेतलंस तर आकडे किती नगांचे आहेत तेही बघ, मी तीनचे आकडे वाचून सहा खाल्लेत.

आणि कॉफी! इथं 'रेग्युलर' मागितली की क्रीम आणि साखर घालूनच देतात. मला पहिले तीन महिने वाटायचं इथली कॉफीच गोड.

खरा घात फुकटच्या खोक्याने होतो. आमच्या लॅबमध्ये दर शुक्रवारी डझनभर डोनट यायचे, लोक सुरीने अर्धा कापून घ्यायचे, मी पण 'अर्धाच' म्हणत तीनदा उठायचो, डिसेंबरात जीन्सचं बटण लागेना. शिवाय प्रोटीन नावापुरतं, अकरा वाजता परत भूक.

रोजचं म्हणशील तर पोहे कर, इंडियन स्टोअरमध्ये जाडे पोहे, शेंगदाणे सगळं मिळतं, बॅगेत भरून आणू नकोस. अंडं चालत असेल तर बोस्टन क्रीम मात्र एकदा खाच, आत कस्टर्ड, वर चॉकलेट, 2003 पासून मॅसॅच्युसेट्सचा अधिकृत डोनट आहे तो. आईला फोटो पाठवू नकोस.