माळ्यावरच्या पीसीला वीज लावण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या माळ्यावरून आजोबांचा पीसी खाली काढलास, उघडून फोटो पाठवलेस आणि शेवटी विचारलंस, "आता लावून बघू का?" अजिबात नको. तीस-पस्तीस वर्षं बंद राहून टिकलेली मशिनं पहिल्या दहा सेकंदांत जातात, कारण कुणाला तरी राहवत नाही. शिवाय तुला खरं हवंय ते आजोबांनी त्यात टाइप केलेलं लिखाण. ते हार्ड डिस्कवर आणि फ्लॉप्यांवर आहे. म्हणून आधी एसएमपीएस (घरातल्या विजेचे ५ आणि १२ व्होल्ट करणारा डबा), मग मदरबोर्ड (मुख्य बोर्ड), मग लिखाणाची प्रत. पिवळी पडलेली कॅबिनेट उजळायची हौस त्यानंतर.

फोटोंवरून मशीन ८०२८६ प्रोसेसरचं, एटी घडणीचं, म्हणजे आयबीएमच्या 'एटी' पीसीच्या नमुन्यावर बेतलेलं दिसतं. त्यातल्या आयसींवर (बोर्डावरच्या काळ्या चिपांवर) चार आकडी खूण असते. ८९४२ म्हणजे १९८९ सालचा बेचाळिसावा आठवडा. आठ-दहा आयसींवरचे आकडे टिपून ठेव आणि सर्वांत अलीकडचा धर, बोर्ड त्यानंतर जुळलेला. कॅबिनेटवरच्या स्टिकरपेक्षा ही खूण भरवशाची.

मशीनवर आयबीएमचं नाव नसताना ते आयबीएमसारखं का, हेही समजून घे, कारण दुरुस्तीत त्याचा उपयोग आहे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पहिला पीसी जाहीर केला. तो बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा होता आणि त्याची सर्किटं तांत्रिक पुस्तिकेत छापलेली होती. हक्क राखलेला होता तो बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामच्या, कोडवर. कॉम्पॅकने मूळ कोड न पाहिलेल्या माणसांकडून बायोस नव्याने लिहून घेतला आणि १९८२ मध्ये आपला पीसी जाहीर केला. १९८४ मध्ये फीनिक्स कंपनी तसाच बायोस इतर उत्पादकांना विकू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा एटी आला आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे नवं संगणक धोरण येऊन आयात सोपी झाली. आयबीएम स्वतः १९७८ मध्येच भारत सोडून गेली होती, त्यामुळे आपल्याकडची टेबलं भरली ती एचसीएल, विप्रो, झेनिथ, पीसीएल यांच्या आणि असेंबल केलेल्या मशिनांनी. तुझ्यापुरता अर्थ असा, की प्लगच्या पिना, व्होल्टेज, कार्डांचे स्लॉट हे सगळं १९८४ च्या एटीबरहुकूम आहे. एका एटीचा सुटा भाग दुसऱ्याला चालतो.

आता एसएमपीएस. मागच्या बाजूला लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, ते आधी बघ. ११५ वर असताना आपली वीज दिली तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, सुमारे ६५० व्होल्ट डीसी होतात आणि २००-२०० व्होल्टचे दोन मोठे कपॅसिटर फुटतात. एटीचा पुढचा पॉवर स्विच थेट २३० व्होल्ट तोडतो, म्हणजे त्याच्या वायरींत घरातली वीज असते. टोकांवरचे रबरी टोप तडकले असतील तर बदल. डबा उघडताना प्लग काढलेला हवा आणि घरात दुसरं माणूस हवं. दोन्ही मोठ्या कपॅसिटरांवर मल्टिमीटर लाव. व्होल्टेज दिसलं तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी प्रत्येकावर अर्धा मिनिट धर आणि पुन्हा मोज.

वीज आत येते तिथे चौकोनी, पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असेल आणि त्यावर बारीक तडे असतील, तर तो चांगला दिसला तरी काढ. आत धातूचा थर दिलेला कागद असतो, तड्यांतून दमट हवा शिरते आणि वीज मिळताच तो धूर ओकत जळतो. आपल्याकडे चार महिने पावसाचे, त्यामुळे न तडकलेला सापडणं कठीण. महाराणी रोडवर मागताना तितकेच मायक्रोफॅरड, एक्स२ वर्ग, २७५ व्होल्ट एसी असं सांग. साधा ४०० व्होल्ट डीसीचा कुणी दिला तर घेऊ नकोस. एक्स२ खराब झाला तरी आग लागू नये अशा बेताने बनवलेला असतो, साधा तसा नसतो. इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यांसारख्या, कपॅसिटरांपैकी फुगलेले, पायाशी तपकिरी चिकटा आलेले किंवा मासळीसारखा वास मारणारे तेवढे बदल. सरसकट सगळे काढायची पद्धत मला पटत नाही. जुन्या बोर्डांचे तांब्याचे पॅड अशाने निघून येतात.

पहिली वीज थेट द्यायची नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घे आणि त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब लाव. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एटीचे एसएमपीएस रिकामे सुरू होत नाहीत. ५ व्होल्टच्या लाल वायरीवर ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर मोटारीचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लाव. लालवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. नारिंगी वायर 'पॉवर गुड'ची, तिच्यावर सुरू झाल्यावर लगेच ५ च्या आसपास यायला हवं, नाहीतर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकून राहतो.

मदरबोर्डावर सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ती निळी, पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. फोटोत तिच्या टोकाशी हिरवट-पांढरी पूड दिसते आहे. ती गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची खूण. ते तांब्याच्या रेघा खात की-बोर्डच्या सॉकेटकडे आणि त्याच्या कंट्रोलर आयसीकडे सरकतं. बॅटरी आजच कटरने कापून काढ. जागा पांढऱ्या व्हिनेगरने आणि जुन्या टूथब्रशने पूस, मग डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस पंख्याखाली वाळू दे. काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. तांबं लखलखेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने खरवड, मग प्रत्येक रेघ मल्टिमीटरच्या बझरवर तपास आणि तुटलेली पातळ वायरने सांध. बदली म्हणून बटणसेल थेट लावू नकोस. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असे, तो त्यालाही चार्ज करायला जाईल. तीन एए सेलचा होल्डर, चार्जिंग रोखणारा १एन४१४८ डायोड मधे घालून, बोर्डावरच्या बाहेरची बॅटरी जोडायच्या चार पिनांवर जोड आणि होल्डर बोर्डापासून दूर चिकटव.

थेंबाच्या आकाराचे पिवळे-निळे कपॅसिटर दिसतात ते टँटलम. वीज देण्याआधी १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांत ओहम मोज. जवळजवळ शून्य आलं तर त्यांपैकी एक शॉर्ट आहे. १२ व्होल्टवर १६ व्होल्टचे लावलेले असतात, बदलताना २५ किंवा ३५ चे घे. इथे हमखास चूक होते: टँटलमवरची रेघ धन टोक दाखवते, ॲल्युमिनियमच्या डब्यांवरची रेघ ऋण. उलटा लागलेला टँटलम पेट घेतो.

एसएमपीएसचे पी८ आणि पी९ हे दोन प्लग मदरबोर्डावर शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्ड गेलाच. पहिल्यांदा फक्त बोर्ड, रॅम आणि डिस्प्ले कार्ड ठेव. स्क्रीनवर सीमॉसची (बॅटरीवर जपलेल्या सेटिंगची) तक्रार आली तर आनंद मान, बोर्ड जिवंत आहे.

हार्ड डिस्कला एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन पट्ट्या आहेत, म्हणजे ती एमएफएम (नोंद करायची जुनी पद्धत) जातीची. लेबलवर एसटी-२२५ वाचता येतं. ६१५ सिलिंडर, ४ हेड (वाचणारी टोकं), १७ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, गुणाकार २,१४,११,८४० बाइट. सेटअपमध्ये टाइप २ निवड. तिचं कंट्रोलर कार्ड बदलू नकोस. अशा डिस्कची आखणी त्या कार्डाने केलेली असते, दुसऱ्या जातीचं कार्ड ती वाचू शकत नाही. आणि स्क्रीनवर लो-लेव्हल फॉरमॅटचं (डिस्क पुसून नव्याने आखण्याचं) काहीही आलं तर मागे फिर. ही डिस्क वीज गेल्यावर हेड आपोआप बाजूला नेत नाही, म्हणून चालू असताना मशीन हलवायचं नाही आणि बंद करताना हेड बाजूला नेणारी पार्कची आज्ञा द्यायची. हेड स्टेपर मोटरने सरकतं, ते तापमानाप्रमाणे किंचित चुकतं, तेव्हा वीस-तीस मिनिटं नुसती फिरू देऊन मग वाच. थंड असताना न वाचलेला सेक्टर गरम झाल्यावर वाचला जातो, कधी उलटही.

प्रत घ्यायला स्लॉटमध्ये बसणारं एक्सटी-आयडीई कार्ड आणि त्यावर कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड सगळ्यात सोयीचं. मशीनवर डॉस ३.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ३२ एमबीहून मोठं पार्टिशन (विभाग) चालत नाही, तेवढंच कर, डिस्क पुरती मावते. आधी लिखाणाच्या डिरेक्टऱ्या, नंतर बाकीचं. वाचता येत नाही असा प्रश्न आला की दहा वेळा 'आर' (पुन्हा प्रयत्न) दाब, मग 'एफ' (सोडून पुढे). सीरियल केबलने सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने हेच काम सहा तासांवर जातं आणि जुन्या डिस्कला तेवढं पळवणं मला धोक्याचं वाटतं.

फ्लॉप्या उजेडात धरून त्यांच्या पाकिटातल्या लांबट खिडकीतून बघ. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, ती ड्राइव्हमध्ये घातलीस तर हेडला चिकटून पुढच्या फ्लॉपीलाही ओरखडे काढेल. अशा वेगळ्या ठेव, पाऊस सरल्यावर त्यांचं बघू. चांगल्यांच्या बाजूची खाच अपारदर्शक पट्टीने झाक, म्हणजे चुकूनही लिहिलं जाणार नाही. पारदर्शक टेप चालत नाही, ड्राइव्ह उजेडाने ओळखतो.

आता आजोबांचं मराठी. फोटोतल्या लांब कार्डावर जिस्ट असं छापलंय, म्हणजे ते स्क्रीनवर देवनागरी दाखवणारं कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी उभं केलेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने वाढवलं. कार्डाशिवाय तीच फाइल उघडलीस तर चौकटीच्या रेघा आणि ग्रीक अक्षरं दिसतील. फाइल बिघडली असं समजून पुसू नकोस. त्या फाइलींत अक्षरं बहुधा इस्कीमध्ये, म्हणजे आपल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या भारतीय मानकात असतील. इस्कीत 'क' चा क्रमांक १७९, आणि आयबीएमच्या अक्षरसंचात १७९ वर उभी रेघ. आजच्या संगणकांच्या युनिकोड या अक्षरसंचाचा देवनागरी भाग इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला आहे, त्यामुळे रूपांतर सरळ होतं. आयसीयू या सॉफ्टवेअर-संचाच्या 'युकॉन्व्ह' आज्ञेत इस्कीची सोय आहे. त्यानंतर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला ऱ्य नजरेखालून घाल, तिथे गफलत होते. लिखाण वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्राममध्ये असेल तर आणखी एक बघ: डॉक्युमेंट पद्धतीत तो शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरतो, आणि इस्कीची सगळी अक्षरं त्याच आठव्या बिटावर उभी आहेत. अशा फाइलीत इंग्रजी शब्दांची शेवटची अक्षरं रूपांतरानंतर देवनागरी झालेली दिसतील, ती हाताने दुरुस्त करावी लागतील. मूळ फाइलीला मात्र हात लावायचा नाही. तिच्या तीन प्रती ठेव, एक इंदूरबाहेर कुणाकडे तरी.

बॅटरी आज काढ, एसएमपीएस येत्या रविवारी उघड. पी८, पी९ बोर्डाला जोडण्याआधी लाल, पिवळ्या आणि नारिंगी वायरींवर मोजलेले आकडे मला कळव. ते पाहून पुढचं लिहितो.

तुझा,
काका