काळी पाटी, पिवळी अक्षरं

प्रश्न: शनिवार-रविवारी पुण्याहून दापोली-गुहागर करायचंय. चौघं आहोत, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणार. काय बघून घ्यावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. कुणी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देत असेल तर सरळ नको म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखड्यांवरून डिपॉझिट कापतात. आणि डिकी उघडून स्टेपनी-जॅक बघाच. मी नव्हतं बघितलं. कोळथऱ्याच्या अलीकडे टायर बसला, नि स्टेपनीत हवाच नाही! एका आंबेवाल्याच्या टेम्पोतून टायर दाभोळला नेला. अख्खी दुपार गेली, पन्हं तेवढं मिळालं.

दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट फेरीबोटीने जा, चिपळूणचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आधीच विचारून ठेवा. आणि गाडी किनाऱ्यावर घालू नका हो! ओल्या वाळूत चाकं रुततात, भरती चढायला लागते, मग ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव.