फोटो खरा आहे, पण नुसता फोटोच आहे का?

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर सभासद फोटो अपलोड करतात. एक्स्टेन्शन आणि सुरुवातीचे बाइट तपासूनच आम्ही फाइल स्वीकारतो. तरीही एक जीआयएफ चित्र म्हणूनही उघडते आणि झिप म्हणूनही. तपासणीत काय चुकलं?

उत्तर : चुकलं काही नाही, कमी पडलं. ती फाइल खरोखरच जीआयएफ आहे आणि खरोखरच झिपही. जीआयएफ वाचणारा प्रोग्रॅम तोंडाकडून वाचत जातो आणि ‘३बी’ ही समाप्तीची खूण आली की थांबतो. पुढे काय चिकटवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. झिपची अनुक्रमणिका असते शेपटाकडे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) शेवटाजवळ ५०, ४बी, ०५, ०६ असे ओळीने चार बाइट दिसले, तर ती अनुक्रमणिका कुठे आहे हे सांगणारी झिपची शेवटची नोंद. किमान २२ बाइटांची. २००८ साली गाजलेली ‘जीफार’ युक्ती हीच : पुढे जीआयएफ, मागे जावा या भाषेतल्या प्रोग्रॅमची जार फाइल, कारण जार म्हणजे झिपच. पीडीएफ तर आणखी सैल. पहिल्या १०२४ बाइटांत कुठेही पीडीएफच्या सुरुवातीची खूण सापडली तरी काही प्रोग्रॅम चालवून घेतात.

तुमच्या सर्व्हरला खरा धोका पीएचपीचा, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भाषेचा. जेपीईजीच्या कॉमेंटच्या एका कप्प्यात ६५,५३३ बाइट मावतात. तिथे कोड लपवला आणि फाइल .पीएचपी नावाने साठवली गेली, की सर्व्हर तो मुकाट्याने चालवतो. उरलेलं चित्र त्याच्या लेखी नुसता मजकूर. म्हणून अपलोड करणाऱ्याने दिलेलं नाव फेकून द्या. नाव आणि एक्स्टेन्शन तुम्ही ठरवा, आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालणं बंद करा.

त्यानंतर चित्र पिक्सेलपर्यंत उलगडून नव्याने एन्कोड करा, म्हणजे त्या पिक्सेलांपासून नवी फाइल बनवा. शेपूट आणि कॉमेंट दोन्ही गळतात. नुसता एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याची माहिती) पुसणं म्हणजे वरवरची झाडलोट. मात्र नव्या एन्कोडिंगवरही डोळे मिटून विसंबू नका : कॉम्प्रेस केल्यानंतर फाइलमध्ये कोड उमटेल असे पिक्सेल रचून पीएनजी बनवता येते. शिवाय चित्र उलगडणाऱ्या लायब्ररीतच सुरक्षेचं भोक निघू शकतं. २०१६ मध्ये चित्रं हाताळणाऱ्या इमेजमॅजिकचं तेच झालं. हे काम कमी अधिकारांच्या, वेगळ्या प्रोसेसमध्येच ठेवा.

प्रश्न : स्पर्धेसाठी मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी लागते. मग?

उत्तर : ठेवा, पण मुख्य डोमेनवरून देऊ नका. वेगळं डोमेन घ्या, जिथे लॉगिनच्या कुकीज (सभासदाची ओळख पटवणाऱ्या, ब्राउझरने जपलेल्या नोंदी) पोचतच नाहीत. ‘कंटेंट-डिस्पोझिशन : अटॅचमेंट’ आणि ‘एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स : नोस्निफ’ हे दोन हेडर (फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) लावा, म्हणजे ब्राउझर फाइल पानात न उघडता उतरवून घेईल आणि तिचा प्रकार स्वतः हुंगून ठरवणार नाही. पानावर दाखवायला मात्र नव्याने एन्कोड केलेली प्रतच वापरा.