समुद्रात बुडालेली द्वारका खरंच होती का?

आम्ही मालवणकडचे, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला नि कोकण झालं हे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे द्वारकेची गोष्ट मला फार जवळची वाटते. हरिवंश या कृष्णकथेच्या ग्रंथात कृष्ण समुद्राकडे १२ योजनं जागा मागतो आणि विश्वकर्मा तिथे नगरी उभारतो. पण इथे समुद्राने दिलेलं परत घेतलं. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन उरलेल्या लोकांना घेऊन बाहेर पडतो आणि ते जो जो भाग ओलांडतील तो तो मागून पाण्याखाली जातो, हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

आता खरं-खोटं. १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या टीमने गुजरातमधल्या आजच्या द्वारकेजवळ पाण्याखाली शोध घेतला, घडवलेले दगड आणि दगडी नांगर सापडले. त्यातले काही त्रिकोणी, तीन भोकांचे, वरच्या भोकात दोर ओवायचा नि खालच्या दोनांत लाकडी खुंट्या ठोकायच्या म्हणजे नांगर तळाला रुतून बसतो, आमच्याकडे होडी असलेल्या कुणालाही हे बघताक्षणी कळेल. रावांच्या मते हीच ती द्वारका, पण नंतरच्या संशोधकांनी यातले बरेच अवशेष खूप अलीकडच्या बंदराचे धरले. मला तेच पटतं. म्हणजे तिथे जुनं, गजबजलेलं बंदर नक्की होतं, पण ती कृष्णाचीच नगरी हे सिद्ध झालेलं नाही.