प्याऊ आणि पाण्याचा खजिना

प्रश्न : मुंबईत मशीद बंदरजवळच्या भात बाजारात घुमटी असलेली जुनी दगडी पाणपोई पाहिली. अशा पाणपोया कोणी बांधल्या? कोल्हापुरात त्या का दिसत नाहीत? आणि तेथे सर्वांना पाणी मिळत असे का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण पाहिलेली पाणपोई, मुंबईच्या बोलीत प्याऊ, व्यापारी केशवजी नायक यांच्या नावाची असून ती १८७६ सालची आहे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईत आले आणि त्यानंतरच, विहिरीवर किंवा तळ्यावर अवलंबून न राहता, भर बाजारात चोवीस तास वाहणारी तोटी बसवणे शक्य झाले. दानशूर सावकारांना पुण्य आणि नाव या दोन्ही दृष्टींनी ही सोय फार सोयीची वाटली असणार. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी तर मुंबईत अशी कारंजी बांधलीच, शिवाय लंडनच्या रीजंट्स पार्कातही १८६९ मध्ये एक उभारून दिले. प्याऊ पाहताना नजर खाली न्यावी : माणसांच्या तोटीखाली बैल आणि घोडे यांच्यासाठी दगडी कुंडी असते, कारण बाजाराचा सारा माल त्यांच्याच पाठीवर किंवा गाडीतून येत असे.

कोल्हापूरची व्यवस्था निराळी होती. कात्यायनीकडील झऱ्यांचे पाणी उताराच्या जोरावर बांधीव नळातून आपल्याच पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ या साठवण हौदात येई आणि पुढे शहरात खेळवले जाई. त्यामुळे येथील दानधर्माला तोटीपेक्षा हौद अधिक जवळचा राहिला, आणि वाटसरूंसाठी उन्हाळ्यात मांडवाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण पुरत. रांजण पावसाळ्याआधी उचलले जात, म्हणून त्यांची वास्तू शिल्लक नाही.

आपला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणपोई सार्वजनिक म्हटली तरी अस्पृश्य मानलेल्यांना भांड्याला हात लावू दिला जात नसे. वरून धार सोडली जाई व त्यांनी ओंजळीने प्यावे, अशी रीत होती. कोल्हापुरात राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना, मराठा नोकरांच्या हौदाला शिवल्याबद्दल, बेदम मार बसला होता. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. हॉटेलात कोणी येईना, तेव्हा महाराजांच्या पाठोपाठ दरबारी मंडळींनाही तेथील कप हाती धरावा लागला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने व शाळा यांत शिवाशिव पाळू नये, असा हुकूम करवीर संस्थानात १९१९ मध्ये निघाला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला.